जुनं मार्गोलिन: ठेवायचं की काढायचं?

आमच्या रायफल क्लबच्या शस्त्रागारात .२२ बोअरचं एक सोव्हिएत मार्गोलिन पिस्तूल बरीच वर्षं पडून होतं. रजिस्टरमधली त्याची पहिली नोंद सत्तरच्या दशकातली. मधल्या काळात कित्येक पोरं त्यावर शिकून गेली आणि मग ते हळूहळू कपाटाच्या मागच्या खणात सरकलं. यंदा कमिटीपुढे प्रस्ताव आला, की रीतसर परवानगी घेऊन ते काढून टाकावं. कारणं तीन दिली होती: ग्रुप बसत नाही, म्हणजे गोळ्या जवळजवळ पडत नाहीत, मध्येच मिसफायर होतं, म्हणजे काडतूस पेटतच नाही, आणि पार्ट मिळत नाहीत.

दुसऱ्या बाजूला २५ मीटर पिस्तुलासाठी येणाऱ्या मुली वाढत चालल्या आहेत. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१३मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये आणि २०१८मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या घराघरात हा प्रकार माहीत झाला आहे. त्यासाठी लागणारं स्पोर्ट पिस्तूल मात्र क्लबात चालू स्थितीतलं एकच. नवीन इंपोर्टेड घ्यायचं तर खर्च लाखांच्या घरात जातो, वर परवान्याची आणि आयातीची कागदपत्रं. म्हणून सेक्रेटरी सरांनी मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही पंचवीस मीटरचं कोचिंग बघता. एकदा नीट तपासा आणि लेखी द्या, मग काय ते ठरवू." त्या तपासणीचं हे सविस्तर टिपण. इतर क्लबांतही अशी जुनी पिस्तुलं पडून आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. टार्गेटवर जे भोक पडतं त्यात तिघांचा वाटा असतो: पिस्तुलाचा, काडतुसाचा आणि हाताचा. या तिघांचा हिशेब वेगळा मांडल्याशिवाय कुठल्याही हत्याराला बाद म्हणायचा कुणाला अधिकार नाही. आणि क्लबात नेमकं हेच होत नाही. एखाद्या पोराचे नऊच्या बाहेर शॉट जायला लागले की पिस्तूल बदनाम होतं, आणि बदनामी एकदा झाली की रजिस्टरच्या शेऱ्यात कायमची बसते.

पिस्तुलाबद्दल थोडं

मिखाईल मार्गोलिन हा या पिस्तुलाचा कर्ता. १९२४मध्ये डोक्याला झालेल्या जखमेमुळे ऐन तारुण्यात त्याची दृष्टी गेली. त्यानंतर तो शस्त्ररचनेकडे वळला. मेणाची, लाकडाची मॉडेल करून, बोटांनी चाचपून त्याने एकेक भाग ठरवला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पिस्तूल बाजारात आलं आणि इझेव्हस्कच्या कारखान्यात ते मोठ्या संख्येने तयार झालं. हातात घेतलं की त्या माणसाच्या स्पर्शाची साक्ष पटते. कुठेही विनाकारण धार नाही, कोपरा नाही, आणि सगळं वजन मुठीच्या जवळ आहे.

आमच्याकडचं मॉडेल एमसीएम, म्हणजे आखूड नळीचं. नळी १३० मिलिमीटर, लांबी साधारण २४५ मिलिमीटर, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. रचना साध्या ब्लोबॅकची. स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग यांच्याच जोरावर चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बंद राहतं, आणि गोळी सुटल्यावर काडतुसाची पुंगळी मागे सरकते तीच स्लाइड ढकलत. म्हणून या पिस्तुलाची तब्येत काडतुसाच्या जोरावर फार अवलंबून असते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

मला सगळ्यात आवडते ती बॅकसाइटची, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेची जागा. बऱ्याच पिस्तुलांत बॅकसाइट स्लाइडवर बसवलेली असते आणि प्रत्येक शॉटला पुढेमागे होते. मार्गोलिनमध्ये ती एका पक्क्या कमानीवर आहे आणि स्लाइड त्या कमानीखालून ये-जा करते. त्यामुळे दोन्ही साइट एकमेकींच्या संदर्भात जागच्या हलत नाहीत. रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेम धरून मारायच्या सीरिजमध्ये याचा फायदा डोळ्याला लगेच जाणवतो.

टेबलावरची तपासणी

आमचे आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, काका परवानाधारक आहेत आणि क्लबात माझ्याही आधीपासून आहेत. मॅगझीन काढून, स्लाइड मागे घेऊन, चेंबर डोळ्याने आणि करंगळीने तपासून त्यांनी पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं. नळी साफ केल्यावर आतून चकचकीत निघाली. नळीतल्या पीळदार आट्यांच्या कडा शाबूत, तोंडाशी ठेच नाही. .२२ची गोळी उघड्या शिशाची आणि वेगाने बेताची असते, त्यामुळे नळी झिजण्यापेक्षा चुकीच्या पद्धतीने घासून जास्त खराब होते. ही त्यातून वाचली होती.

कमान मी अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. इथे हयगय चालत नाही, याचं गणित सोपं आहे. दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटर धरलं, तर साइटच्या जागी १ मिलिमीटरचा फरक २५ मीटरवर साधारण ११४ मिलिमीटर होतो. कमान केसाएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर जरी हलली, तरी टार्गेटवर ११ मिलिमीटर गेले. आमची कमान हलली नाही.

मग ट्रिगर. नियमाने २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा. नळी उभी धरून एक किलोचं वजन ट्रिगरला लावून उचलायचं, घोडा पडता कामा नये. वजन व्यवस्थित पेललं गेलं, आणि पुन्हा पुन्हा केलं तरी पेललं गेलं. दाबताना थोडी घसट लागते, आजच्या पिस्तुलासारखा काचेचा तुकडा मोडल्यागत सुटत नाही. पण जिथे सुटतो तिथेच दर वेळी सुटतो, आणि शिकणाऱ्यासाठी तेच मोलाचं. बाकीचे नियम, म्हणजे १४०० ग्रॅमच्या आत वजन, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसणं, २२० मिलिमीटरपर्यंतचं साइटचं अंतर, यात ते सहज बसतं.

थोडक्यात, टेबलावर पिस्तुलाने काहीच तक्रार दाखवली नाही. काका म्हणाले, "ताई, याला काय धाड भरलीय? उगाच नाव ठेवलंय त्याला."

रेंजवर, हात बाजूला ठेवून

हाताचा वाटा कमी करायचा म्हणून वाळूच्या पिशव्यांवर मनगटं टेकवून, दोन्ही हातांनी, बसून फायर केलं. नळी पिशवीवर टेकवायची नाही. टेकवली तर शॉटच्या धक्क्याने ती उसळते आणि ग्रुप खोटा पडतो. अंतर २५ मीटर, कागद प्रिसिजनचा. त्यावर दहाची रिंग ५० मिलिमीटर व्यासाची आणि पुढची प्रत्येक रिंग २५ मिलिमीटर बाहेर. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, आणि प्रत्येक ग्रुपला नवीन कागद.

काडतुसं दोन प्रकारची घेतली: नेहमीची स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाची) आणि पिस्तुलासाठी खास मिळणारी मंद मॅच. कपाटात हाय व्हेलॉसिटीचीही काही खोकी होती, ती मी मुद्दाम बाजूला ठेवली. कुलूप नसलेल्या या जुन्या रचनेवर जास्त जोराचं काडतूस म्हणजे प्रत्येक शॉटला स्लाइड फ्रेमवर आदळणं. त्याने एका दिवसात काही होत नाही, पण फ्रेमला तडे जातात ते अशाच सवयीने.

मंद काडतुसांवर दुखणं लगेच कळलं. स्लाइड पूर्ण मागे जात नव्हती आणि रिकामी पुंगळी खिडकीतच उभी अडकत होती. स्प्रिंगच्या मानाने काडतूस कमजोर पडत होतं. त्यावर वेळ न घालवता स्टँडर्डकडे वळले.

स्टँडर्डवर चित्र वेगळं दिसलं. पाचातले चार शॉट ३० मिलिमीटरच्या आसपास एकत्र आणि एखादा भलतीकडे, कधी डावीकडे तर कधी खाली. तो धरला की ग्रुप ६० ते ६५ मिलिमीटरचा व्हायचा. सेमी-ऑटो .२२ मध्ये हाताने भरलेला पहिला राउंड, म्हणजे काडतूस, स्लाइडने आपोआप भरलेल्या राउंडपेक्षा थोडा वेगळा बसतो, हे ठाऊक असल्याने पहिला शॉट कागदावर वेगळा नोंदवत होते. पण भटकणारा शॉट नेहमी पहिलाच नव्हता. आणि मधूनच ठक्क असा कोरडा आवाज. मिसफायर. अशा वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं असतं, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकतं. थांबून राउंड काढला, पाहिला, तर कडेवर फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या टोकाची, खूण होती पण उथळ. तोच राउंड थोडा फिरवून पुन्हा भरला तर वाजला.

या दोन तक्रारी, भटका शॉट आणि मिसफायर, क्लबात वेगवेगळ्या समजल्या जात होत्या. भटक्या शॉटचा दोष नळीला, मिसफायरचा दोष काडतुसाच्या लॉटला. मला त्या एकाच घरच्या वाटत होत्या. आता हे सिद्ध कसं करायचं?

ठिपका

बारीक मार्करने काही काडतुसांच्या पुंगळीवर एकेक निळा ठिपका दिला आणि मॅगझीनमध्ये ती ठिपका वर येईल अशी भरली. मॅगझीनमधून चेंबरमध्ये जाताना राउंड फारसा फिरत नाही. मग एकही न फोडता प्रत्येक राउंड स्लाइडने चेंबरमध्ये घेतला आणि हलकेच बाहेर काढून ओळीने पांढऱ्या कागदावर ठेवला. नळी अर्थातच रेंजच्या दिशेने आणि बोट ट्रिगरच्या बाहेर.

भिंगाखाली पाहिलं. प्रत्येक गोळीच्या शिशावर एक चकाकती बारीक रेघ होती, निमुळत्या भागापासून पुंगळीच्या तोंडापर्यंत, आणि ती पुढे पितळेवर ओरखडा होऊन उतरत होती. प्रत्येक रेघ ठिपक्याच्या बाजूला. एकही दुसरीकडे नाही. काही गोळ्यांवर रेघेच्या टोकाला शिशाची सूक्ष्म कपची सोललेली होती, नखाने उचलता येईल इतकी.

म्हणजे चेंबरच्या तोंडाला वरच्या बाजूस काहीतरी टोचत होतं. काकांनी स्लाइड मागे अडकवली, चेंबरमध्ये टॉर्च मारला आणि दातकोरणीचं टोक कडेवरून फिरवलं. एका जागी टोक अडलं. बाराच्या काट्यावर, नेमकं पिन जिथे आदळते तिथे, चेंबरच्या कडेला खळगा पडला होता आणि खळग्यातलं दबलेलं पोलाद आत चेंबरमध्ये सरकून बारीक दात तयार झाला होता. रिकामी पुंगळी तोंडाशी ठेवून सोडली तर ती आपल्या वजनाने आत जायला हवी. ती अर्ध्यावर थांबली.

आता दोन्ही तक्रारींचा उलगडा झाला. .२२च्या काडतुसात पेटणारा मसाला तळाच्या कडेत असतो. पिन त्या कडेला चेंबरच्या काठावर चेपते तेव्हा तो पेटतो, म्हणजे काठ ऐरणीचं काम करतो. आमच्या पिस्तुलात ऐरणीलाच खड्डा होता, आणि दातामुळे राउंड कधी कधी पूर्ण आत बसतही नव्हता. पिनचा अर्धा जोर राउंड आत ढकलण्यात खर्च व्हायचा. पहिला घाव वाया गेला की मिसफायर. आणि ज्या गोळीचं शिसं एका बाजूने सोललं गेलं ती नळीतून तिरकी, असमतोल निघणार, तीच भटकायची.

खळगा पडला कशाने? ड्राय प्रॅक्टिसने. आपल्याकडे काडतुसं महाग आणि कोट्यातली, त्यामुळे रिकाम्या पिस्तुलावर तासन्‌तास ट्रिगर दाबणं हाच सरावाचा कणा आहे आणि तो असायलाच हवा. पण रजिस्टर चाळल्यावर एक जुनी नोंद सापडली: फायरिंग पिन मोडली म्हणून स्थानिक लेथवर नवीन करून बसवली. ती पिन मोजली तर स्लाइड बंद असताना तिचं टोक काठापर्यंत पोचत होतं. मधे काडतूस नसलं की प्रत्येक कोरडा घाव थेट पोलादावर. वर्षानुवर्षं, रोज, पोरापोरींच्या हातून. त्यात पोरांचा काही दोष नाही. त्यांना जे करायला सांगितलं तेच ती मन लावून करत होती.

दुरुस्ती आणि पुन्हा कागद

दुरुस्ती काकांनीच केली, आणि ती परवानाधारक आर्मररनेच करायची असते. चेंबरच्या मापाच्या गुळगुळीत दांड्याने त्यांनी दात पुन्हा जागी दाबला. काहीही घासून काढलं नाही. कानस लावली असती तर ऐरणीचा उरलेला काठही गेला असता आणि पिस्तूल खरोखरच बाद झालं असतं. पिन नवीन केली, या वेळी काठाला टेकणार नाही अशा मापाची, टोक नीट गोलसर. नंतर तीच रिकामी पुंगळी सोडली, ती सुळकन आत गेली.

पुन्हा पिशव्या, तीच स्टँडर्ड काडतुसं, तोच लॉट. ग्रुप २८ ते ३५ मिलिमीटरमध्ये आले आणि मिसफायर थांबलं. पहिला शॉट अजूनही किंचित बाजूला जातो, पण दहाच्या आतच.

३५ मिलिमीटर हे आजच्या उत्तम मॅच पिस्तुलाच्या तोडीचं नाही, हे मला मान्य आहे. पण ते कुणाच्या हातात द्यायचं आहे, यावर त्याची किंमत ठरते. आमच्याकडे एक अकरावीतली मुलगी आहे, एअर पिस्तूलवरून नुकतीच २५ मीटरला आलेली. उभं राहून, एका हाताने तिचे पाच शॉट चांगल्या दिवशी ८० मिलिमीटरमध्ये येतात. हाताची आणि पिस्तुलाची फाक सरळ बेरजेने वाढत नाही. दोन्हींचे वर्ग करून, मिळवून, वर्गमूळ काढावं लागतं. हात ८० आणि पिस्तूल ३५ असेल तर कागदावर दिसणार साधारण ८७. पिस्तूल दुरुस्तीपूर्वीसारखं ६० असेल तर १००. आणि लाखोंचं पिस्तूल आणून १५वर आलं तरी ८१. म्हणजे दुरुस्तीने तिला १३ मिलिमीटर मिळवून दिले, आणि नवीन पिस्तुलाने त्यावर फार तर आणखी ६ मिळाले असते. त्यापेक्षा कितीतरी जास्त तिला मुठीने मिळणार होतं.

मूळ मूठ मोठ्या पंजाची आहे. हिचं बोट ट्रिगरवर जेमतेम टोकाने पोचायचं, त्यामुळे दाबताना पिस्तूल डावीकडे ढकललं जायचं. गावातल्या सुतारकाम करणाऱ्या एका पालकांनी सागाची मूठ तासून दिली, मागची बाजू बारीक केली, तळहाताशी लागेल तिथे पुट्टी भरली. तिने प्रिसिजनच्या सीरिज मारल्या, पाच मिनिटांत पाच शॉट. शॉट डावीकडून मध्यावर सरकलेले कागदावर सरळ दिसले. मग ड्युएल, म्हणजे हात ४५ अंशांत खाली, टार्गेट ३ सेकंद समोर, ७ सेकंद विश्रांती. इथे मार्गोलिन खरं खुललं. नळी मुठीच्या अगदी वर बसलेली, त्यामुळे तोंड फार उसळत नाही, आणि कमानीवरची साइट डोळ्यासमोर हात वर येताच सापडते. ती म्हणाली, "मॅडम, याची साइट मला शोधावी लागत नाही." तेवढं ऐकून मला माझा अहवाल लिहिता आला.

अहवालात काय दिलं

पिस्तूल ठेवावं, सरावासाठी. जिल्हा पातळीच्या सामन्यातही चालेल. राज्य स्पर्धेला किंवा त्यावर मात्र हे देऊ नये, आणि याचं कारण अचूकता नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, तेव्हा जगातल्या उत्तम साधनांनिशी गेलेल्या नेमबाजाचंही काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. २५ मीटरच्या नियमांत योग्य बिघाडाला पुन्हा संधी मिळते, पण मोडलेली लय परत मिळत नाही. या पिस्तुलाचा सुटा भाग मोडला तर तो दुकानातून आणता येत नाही, लेथवर करावा लागतो, आणि लेथवरचा भाग काय करू शकतो ते आम्ही चेंबरमध्ये पाहिलं आहे.

अटी अशा घातल्या. काडतूस फक्त स्टँडर्ड व्हेलॉसिटी, आणि हाय व्हेलॉसिटीची खोकी या पिस्तुलाच्या खणाजवळही ठेवायची नाहीत. चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा डमी राउंड असल्याशिवाय ड्राय प्रॅक्टिस नाही. डमी नसेल तर रिकामी पुंगळी चालेल, पण ती दर थोड्या वेळाने फिरवायची आणि चेपली की टाकायची. रिकॉइल स्प्रिंग नवीन घ्यावी. आहे ती काम देते, पण तिचं वय कुणालाच ठाऊक नाही. दर महिन्याला पुंगळी सोडून चेंबर तपासायचं आणि निकाल रजिस्टरमध्ये लिहायचा. आणि यापुढे कोणताही भाग बदलला तर नुसती तारीख नको, त्याचं मापही नोंदवायचं.

कमिटीने हे सगळं मान्य केलं, फक्त जिल्हा स्पर्धेचा मुद्दा बदलला: तिथेही मार्गोलिन राखीव म्हणून जाईल, मुख्य म्हणून नाही. मला ते पटलं. काकांनी शस्त्रागाराच्या यादीतला त्याच्यापुढचा जुना शेरा लाल शाईने खोडून पिनची लांबी लिहिली, आणि पिस्तूल पुढच्या खणात, चालू हत्यारांच्या रांगेत आलं.